माफ करायचं की हिशोब सरळ करायचा? कन्फ्यूशियसचा ‘शू’

या भागाचा लेखी मजकूर इथे देतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी. बोलताना जे दोन-तीन मुद्दे घाईत गेले, ते लिहिताना जरा सावकाश मांडलेत.

आजचा विषय एक शब्द आहे. चिनी भाषेतला, एकाच अक्षराचा शब्द: ‘शू’. आजच्या चिनी भाषेत ‘क्षमा’ या अर्थाचे जे नेहमीचे शब्द आहेत, त्यांत हे अक्षर येतं. पण जेम्स लेग या स्कॉटिश मिशनरीनं 1861 साली कन्फ्यूशियसच्या संवादांचं इंग्रजी भाषांतर छापलं, तेव्हा त्यानं याच शब्दासाठी ‘रेसिप्रॉसिटी’ हा शब्द निवडला. म्हणजे परस्परता. देवाणघेवाण.

इथेच गोंधळ सुरू होतो. कारण परतफेड आणि माफी या आपल्याला दोन विरुद्ध गोष्टी वाटतात. लग्नात कुणी किती आहेर केला हे वहीत लिहून ठेवायचं आणि त्यांच्या घरच्या लग्नात तेवढाच आहेर न्यायचा, ही परतफेड. आणि वही बंद करून ‘जाऊ दे’ म्हणायचं, ही माफी. मग एकाच शब्दात या दोन्ही गोष्टी कशा बसतात?

मला वाटतं, हे नीट समजलं तर ‘माफ करून टाक’ हा जो सल्ला आपल्याला उठताबसता मिळतो, त्याकडे आपण वेगळ्या नजरेनं बघू. चला, सुरुवात करूया.

व्यापाऱ्याचा प्रश्न

कन्फ्यूशियसचा काळ इसवी सनपूर्व 551 ते 479. जन्म लू नावाच्या छोट्या राज्यातला, आजच्या चीनच्या शांतुंग प्रांतातल्या छ्यूफू इथला. त्याचे आणि शिष्यांचे संवाद नंतरच्या पिढ्यांनी एकत्र केले. त्या संग्रहाला ‘लुन यू’ म्हणतात.

या शिष्यांमध्ये झीगोंग नावाचा एक होता. हुशार, बोलण्यात तरबेज, राजदूत म्हणून काम केलेला, आणि मुख्य म्हणजे व्यापारात भरपूर पैसा कमावलेला. चीनचा जुना इतिहासकार सीमा छियन यानं श्रीमंत माणसांवर जे प्रकरण लिहिलं, त्यात झीगोंगचं नाव आहे. म्हणजे घेणं-देणं, नफा-तोटा, भाव कधी वाढणार हे सगळं कळणारा माणूस. त्याला आणखी एक सवय होती. तो सारखा लोकांची तुलना करायचा, हा चांगला, तो वाईट, असं. कन्फ्यूशियसनं एकदा त्याला टोमणाही मारला होता. आशय असा, की तू फारच थोर झालास वाटतं, मला तर अशा गोष्टींना वेळ मिळत नाही.

या झीगोंगनं गुरूला विचारलं, की आयुष्यभर पाळता येईल असा एकच शब्द आहे का? प्रश्नही व्यापाऱ्याचाच. सगळ्या शिकवणीचा एका शब्दात भाव सांगा!

कन्फ्यूशियस म्हणाला, तो बहुधा ‘शू’ असावा. आणि त्याचा अर्थही सांगितला: जे आपल्याला नको असतं, ते दुसऱ्यावर लादू नये.

आता हे अक्षर कसं लिहितात ते बघा. खाली हृदयाचं चिन्ह आहे. वर जो भाग आहे त्याचा अर्थ ‘सारखं’, ‘प्रमाणे’. भाषेचे अभ्यासक सांगतात की वरचा भाग मुळात उच्चार दाखवण्यासाठी आहे. पण चिनी वाचकांनी शतकानुशतकं त्यातून अर्थही वाचला: माझ्या मनासारखंच समोरच्याचं मन.

यात अजून माफीचा पत्ताच नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. कुणी चूक केलेली नाही, कुणी दुखावलेलं नाही. ‘शू’ सुरू होतो तो चूक घडण्याच्या आधी. मी काहीतरी करणार आहे, बोलणार आहे, मेसेज पाठवणार आहे, आणि त्याआधी क्षणभर थांबून बघतो की हेच माझ्या वाट्याला आलं तर मला चालेल का.

ऐकायला किती सोपं! झीगोंगलाही तसंच वाटलं असणार. कारण ‘लुन यू’मध्येच दुसऱ्या एका ठिकाणी तो म्हणतो, की इतरांनी जे माझ्याशी करू नये असं मला वाटतं, ते मीही इतरांशी करू इच्छित नाही. यावर कन्फ्यूशियसनं शाबासकी दिली नाही. तू अजून तिथवर पोचलेला नाहीस, एवढंच तो म्हणाला. एका ओळीत सांगता येणारी गोष्ट, पण पाळायला आयुष्य पुरेल का हा प्रश्न आहे.

साखळी कुठे थांबते?

आता परस्परतेकडे येऊ. आपल्याकडे परस्परता म्हटलं की ‘जशास तसे’ आठवतं. तू मला वाईट वागवलंस, मीही तुला वाईट वागवणार. कन्फ्यूशियसच्या परंपरेतली परस्परता वेगळ्या दिशेनं जाते, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त आवडतो.

‘दा शुए’ नावाचा एक छोटा ग्रंथ आहे. नंतरच्या काळात तो चिनी शिक्षणाचा पाया झाला. त्यात सुताराच्या गुण्याची उपमा आहे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं ते एल आकाराचं साधन. माणसाच्या वागण्यालाही असा एक गुण्या लावायला तो ग्रंथ सांगतो. वरच्याचं जे वागणं तुला आवडत नाही, ते खालच्याशी करू नकोस. खालच्याचं जे आवडत नाही, ते वरच्याशी करू नकोस. असंच पुढच्या-मागच्याबद्दल आणि उजव्या-डाव्याबद्दल. एकूण सहा दिशा.

यात गंमत काय आहे? ज्यानं मला त्रास दिला, त्याला परत काही द्यायचा विषयच नाही. प्रश्न तिसऱ्या माणसाचा आहे. समजा तुमचा बॉस रात्री 11 वाजता मेसेज करतो आणि वर ‘सीन’ करून उत्तर का दिलं नाही म्हणून ऐकवतो. तुम्हाला ते अजिबात आवडत नाही. सहा महिन्यांनी तुमच्या हाताखाली एक इंटर्न येते. आता गुण्या लावायची वेळ आली. तुम्ही तिला रात्री 11 वाजता मेसेज करता का? ‘आम्ही पण सहन केलंय’ असं म्हणता का?

कॉलेजच्या हॉस्टेलमधलं रॅगिंग याच वाक्यावर चालतं. आम्ही सहन केलं, आता तुमची पाळी. सासू-सुनेची कित्येक भांडणं याच वाक्यावर चालत आली. त्रास वरून खाली वाहत राहतो. ‘शू’ म्हणतो, तुमच्यापाशी आला की तो थांबवा. वरच्याला माफ केलं की नाही, हा नंतरचा प्रश्न. आधी खालच्याला त्याचं बिल पाठवू नका.

‘झोंग योंग’ नावाच्या दुसऱ्या ग्रंथात कन्फ्यूशियसच्या तोंडी याचीच आणखी कठीण बाजू आहे. मुलानं माझ्याशी जसं वागावं असं मला वाटतं, तसा मी माझ्या वडिलांशी वागलो का? हाताखालच्यांनी जसं वागावं असं वाटतं, तसा मी राजाशी वागलो का? धाकट्या भावाकडून जी अपेक्षा, ती मी थोरल्यासाठी पुरी केली का? मित्राकडून जे हवंय, ते मी आधी मित्राला दिलं का? आणि तो म्हणतो, की या चारपैकी एकही गोष्ट मला जमलेली नाही. ज्याला पुढे देवळात बसवलं, तो माणूस हे म्हणतोय!

ही परस्परता हिशोबाचीच आहे, पण वही उलटी धरलेली आहे. लोक मला काय देणं लागतात हे पान बंद, मी काय देणं लागतो ते पान उघडं.

स्वतःला सूट देता येते का?

मग या शब्दाला ‘क्षमा’ हा अर्थ कसा आला? रस्ता तसा सरळ आहे. समोरच्याच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं की त्याची चूक थोडी कमी राक्षसी दिसायला लागते. तो थकला असेल, घाबरला असेल, त्याला माहीत नसेल. असं समजून घेता घेता सूट देणं, सांभाळून घेणं हा अर्थ त्या शब्दाला चिकटत गेला. आजही चिनी बोलण्यात या अर्थाची रूढ वाक्यं आहेत. पाहुण्याला निरोप देताना, लांबपर्यंत पोचवायला येत नाही, राग मानू नका, असं म्हणतात, त्यात ‘शू’ आहे. स्पष्ट बोलण्याआधी ‘माफ करा, पण सरळच बोलतो’ असं आपण म्हणतो, त्याला चिनीत चार अक्षरांचा एक वाक्प्रचार आहे. त्यातलं पहिलं अक्षर ‘शू’ आणि तिसरं अक्षर ‘सरळ’. ही जोडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

अकराव्या शतकात फान छुनरन नावाचा सोंग राजवटीतला एक मोठा मंत्री होऊन गेला. तो घरच्या मुलांना सांगायचा, त्याचा आशय असा: माणूस कितीही मठ्ठ असो, दुसऱ्याच्या चुका त्याला स्वच्छ दिसतात. आणि कितीही हुशार असो, स्वतःला सूट देताना त्याची अक्कल कुठे जाते कुणास ठाऊक. तेव्हा दुसऱ्याला दोष देतोस त्याच कडकपणानं स्वतःला दोष दे, आणि स्वतःला सूट देतोस त्याच मायेनं दुसऱ्याला दे.

छान आहे ना? स्टेटसला ठेवण्यासारखं. पण साधारण शंभर वर्षांनी झू शी (1130–1200) आला आणि त्यानं यात खोट काढली. झू शी म्हणजे कन्फ्यूशियसच्या ग्रंथांचा सगळ्यात प्रभावी भाष्यकार. पुढे कित्येक शतकं सरकारी परीक्षा त्याच्या भाष्यांवर चालत. तो म्हणाला, की सल्ल्याचा पहिला अर्धा भाग ठीक आहे, पण ‘शू’ हा शब्द स्वतःसाठी वापरताच येत नाही. आधी मी स्वतःला सूट दिली, मग तीच सूट तुला दिली, मग तू मला दिलीस, तर शेवटी आपण सगळे मिळून ढिले होणार. तुझं मी झाकतो, माझं तू झाक.

ऑफिसात, मित्रांच्या ग्रुपमध्ये हे आपण बघतोच की. वरकरणी सगळे एकमेकांना मोठ्या मनानं समजून घेत असतात, आणि प्रत्यक्षात कुणीच कुणाला काही सांगत नसतं.

म्हणून झू शीच्या मते ‘शू’च्या आधी ‘झोंग’ हवा. कन्फ्यूशियसच्या झेंगझी नावाच्या शिष्यानं गुरूची सगळी शिकवण या दोन शब्दांत सांगितली होती, ‘झोंग’ आणि ‘शू’. झू शीनं त्यांचा अर्थ लावला तो असा: ‘झोंग’ म्हणजे स्वतःकडून पुरेपूर करणं, आणि ‘शू’ म्हणजे त्याच स्वतःवरून दुसऱ्यापर्यंत पोचणं. पहिली पायरी गाळून दुसरी चढता येत नाही.

घरात नसलेलं व्हिनेगर

आता त्या प्रश्नाकडे येतो, ज्यामुळे हा भाग करावासा वाटला. एका श्रोत्याचा मेसेज आला होता. नाव सांगत नाही, तपशीलही थोडे बदललेत. इंजिनिअरिंगपासूनचा रूममेट. त्यानं फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी 40,000 रुपये घेतले, दोन महिन्यांत देतो म्हणाला. दोन वर्षं झाली. आधी ‘या महिन्यात नक्की’, मग फोन उचलणं बंद, मध्येच गोव्याचे फोटो. आणि आता त्याच्या लग्नाची पत्रिका आलीय. ग्रुपवरचे बाकीचे म्हणतात, सोड ना यार, मैत्रीत पैसे कशाला आणतोस, मोठ्या मनानं माफ कर. आणि आमच्या श्रोत्याचा प्रश्न: मी माफ केलं नाही तर मी कोत्या मनाचा ठरतो का?

जवळजवळ हाच प्रश्न कन्फ्यूशियसला एकानं विचारला होता. अपकाराची फेड उपकारानं करावी, याबद्दल तुमचं काय मत? हा विचार त्या काळी चीनमध्ये होताच. लाओझीच्या नावावर असलेल्या ‘ताओ ते चिंग’मध्येही तो आहे. आपल्या कानांनाही तो ओळखीचा आहे, आणि ऐकायला फार उदात्त आहे.

कन्फ्यूशियसनं उलटा प्रश्न केला, की मग उपकाराची फेड कशानं करणार? आणि उत्तर दिलं: अपकाराची फेड सरळपणानं करावी, आणि उपकाराची उपकारानं.

हे उत्तर नीट बघा. तो ‘जशास तसे’ म्हणत नाही. अपकाराला अपकार, असं त्यानं सांगितलेलं नाही. पण अपकाराला मिठाई द्या असंही तो म्हणत नाही. कारण तसं केलं तर ज्यानं तुमच्यासाठी रात्री जागून काढल्या आणि ज्यानं तुमचे पैसे बुडवले, त्या दोघांनाही तुमच्याकडून एकच वागणूक मिळते. हा चांगल्या माणसावर अन्याय आहे. मधला रस्ता आहे सरळपणा. जे झालं ते जेवढं झालं तेवढंच म्हणायचं. वाढवायचं नाही, झाकायचं नाही.

‘लुन यू’मध्ये एक अगदी छोटा किस्सा आहे. वेईशंग गाओ नावाचा एक माणूस सरळ म्हणून प्रसिद्ध होता. त्याच्याकडे कुणीतरी व्हिनेगर मागायला आलं. घरात नव्हतं. त्यानं शेजारच्याकडून मागून आणलं आणि त्या माणसाला दिलं. कन्फ्यूशियस म्हणतो, याला सरळ कोण म्हणतं?

पहिल्यांदा वाचलं तर वाटतं, अहो, मदतच केली ना बिचाऱ्यानं! पण मुद्दा असा, की घरात नसेल तर नाही म्हणावं. उसनं आणून आपलं म्हणून देऊ नये. आपल्यातले कितीतरी जण माफीचं असंच करतात. आत माफी नसते. मग ग्रुपवरून, आईकडून, एखाद्या रीलमधून ती उसनी आणतो आणि देऊन टाकतो. आणि पुढची पाच वर्षं प्रत्येक भेटीत टोमणे मारतो.

याबद्दलही कन्फ्यूशियसचं स्पष्ट मत आहे. मनात आकस लपवून वरून मैत्री दाखवणं झो छ्यूमिंगला लाजिरवाणं वाटायचं, आणि मलाही वाटतं, असं तो म्हणतो. कुणावर राग असणं ही लाज नाही. राग असताना नसल्याचं नाटक करणं, ही लाज.

मग आमच्या श्रोत्याला काय सांगायचं? मी त्याला लिहिलं ते थोडक्यात सांगतो. सरळपणा म्हणजे त्याला एकट्याला, फोनवर किंवा समोर बसून सांगणं: अमुक तारखेला 40,000 घेतलेस, दोन महिन्यांचा शब्द होता, मला ते परत हवे आहेत. एवढंच. गोव्याच्या फोटोंचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकणं हा सरळपणा नाही, तो सूड आहे. आणि त्याच्या जोडीला ‘शू’: समजा तूच पैसे देणं लागत असतास, तर तुला कसं विचारलेलं चाललं असतं? चारचौघांत नको. मांडवात नको. हप्त्यानं देऊ का, असं विचारायला जागा ठेवलेली चालली असती. मग तसंच विचार.

आणि पैसे सोडून द्यावेत असं खरंच आतून वाटलं तर? तर सोड की! पण मग ती भेट आहे असं त्याला सांगून टाक, आणि पुन्हा कधी काढू नकोस. घरातलं व्हिनेगर असेल तर खुशाल दे.

म्हणजे ‘माफ कराल का’ या प्रश्नाच्या आधी एक प्रश्न येतो: झालं ते झालं, असं दोघांनी मान्य केलंय का? तो प्रश्न गाळून दिलेली माफी टिकत नाही.

सरळपणा सोपा नाही

आता कुणी म्हणेल, सरळ वागा म्हणणं सोपं आहे, पण सरळ काय ते ठरवणार कोण? अगदी बरोबर. चिनी विचारवंत यावर हजार वर्षं भांडलेत. त्यातलं एक भांडण सांगतो.

तांग राजवटीत, महाराणी वू झतियन यांच्या काळात, युआनछिंग नावाच्या तरुणाच्या वडिलांना तिथल्या एका सरकारी अधिकाऱ्यानं मारलं. मुलानं पुढे संधी साधून त्या अधिकाऱ्याला ठार केलं, आणि मग स्वतःच सरकारच्या स्वाधीन झाला. दरबार पेचात पडला. कायद्यानं खून म्हणजे मृत्युदंड. पण जुन्या रीतीच्या ग्रंथांत तर सांगितलंय, की बापाला मारणाऱ्यासोबत एका आकाशाखाली राहू नये. छन झीआंग या अधिकाऱ्यानं तोडगा सुचवला, की त्याला मृत्युदंड द्या आणि त्याच्या गावी त्याचा सन्मानही करा.

पुढे ल्यू झोंगयुआन (773–819) या लेखकानं या तोडग्यावर कडक टीका लिहिली. एकाच कृत्यासाठी शिक्षा आणि सत्कार दोन्ही देणं म्हणजे प्रश्न टाळणं. आधी शोधा, त्या बापाला का मारलं? त्यानं खरंच गुन्हा केला होता आणि कायद्यानं शिक्षा झाली होती, तर मुलानं कायद्याविरुद्ध खून केलाय, सत्कार कसला? आणि अधिकाऱ्यानं खासगी आकसातून निरपराध माणूस मारला असेल, वर कुणी दाद घेतली नसेल, तर मुलाला मृत्युदंड कसला?

सूडाचं समर्थन आज आपण करणार नाही, करूही नये. पण ल्यू झोंगयुआनचा आग्रह आजही लागू पडतो. शिक्षा की क्षमा, यावर वाद घालण्याआधी मुळात काय घडलं ते शोधा. दोन्ही बाजूंना थोडं थोडं देऊन वाद मिटवणं म्हणजे न्याय नव्हे. घरातल्या भांडणात मोठी माणसं ‘दोघंही सॉरी म्हणा’ असं सांगून विषय संपवतात, तेव्हा हेच होत असतं.

सुधारला तर वही बंद

एवढं सगळं ऐकून वाटेल, की हा माणूस फारच हिशोबी आहे, यात माफी उरलीच कुठे? उरलीय. दोन उदाहरणं देतो.

बो यी आणि शू छी नावाचे दोन भाऊ चिनी परंपरेत ताठ कण्याचे म्हणून प्रसिद्ध आहेत. जो राजा त्यांना अन्यायी वाटला, त्याच्या राज्यातलं धान्य खायचं नाही म्हणून डोंगरावर उपाशी राहून मेले, अशी कथा आहे. एवढे कडक! पण कन्फ्यूशियस त्यांच्याबद्दल वेगळंच सांगतो, की ते जुन्या तक्रारी मनात ठेवत नसत, म्हणून त्यांच्याबद्दल लोकांच्या मनातही फारसा राग नव्हता. झू शी यावर लिहितो, की ज्याचं वागणं त्यांना खटकायचं, तो सुधारला की त्यांचा रागही तिथेच संपायचा. कडक माणूसही वही बंद करू शकतो, ती इथे. समोरच्यानं वागणं बदललं की जुनी पानं उकरत बसायचं नाही.

दुसरं उदाहरण झीगोंगचं. तोच व्यापारी शिष्य. तो म्हणतो, की सज्जन माणसाची चूक ग्रहणासारखी असते. लागतं तेव्हा सगळ्यांना दिसतं, सुटतं तेव्हा सगळे पुन्हा वर बघतात. म्हणजे चूक लपवायची नसते, आणि सुधारल्यावर त्या माणसाला ती कायमची चिकटवायचीही नसते. आज कुणाचं आठ वर्षांपूर्वीचं ट्वीट शोधून काढतात, तेव्हा हे आठवावं. त्यानंतर तो माणूस बदललाय का, हे कुणी विचारतं का?

माफ करायला कुणाला सांगतात?

शेवटचा मुद्दा. हा मांडल्याशिवाय विषय अर्धवट राहील. कन्फ्यूशियसच्या परंपरेत बाप-मुलगा, राजा-प्रजा, नवरा-बायको अशी उतरंड आहे. अशा उतरंडीत समजून घेण्याची जबाबदारी हळूहळू खालच्यांवरच येऊन पडते. धाकट्यानं समजून घ्यावं, सुनेनं पदरात घ्यावं, नोकरानं मनावर घेऊ नये.

अठराव्या शतकातल्या दाइ झन (1724–1777) या विद्वानानं हे ओळखलं होतं. त्याचं म्हणणं होतं, की वरचे लोक ‘तत्त्व’ हा शब्द काठीसारखा वापरतात. थोरला धाकट्याला, श्रीमंत गरिबाला तत्त्वावर बोट ठेवून दोषी ठरवतो, आणि खालच्यानं कितीही रास्त वाद घातला तरी तो उद्धटच ठरतो. कायद्यानं मेलेल्याची निदान कुणाला कीव येते, तत्त्वानं मेलेल्याची कुणाला येते? यावर त्याचा उपाय पुन्हा जुन्या गुण्याकडेच जातो: स्वतःच्या भावनांवरून दुसऱ्याच्या भावना मोजा. आणि मोजायला सुरुवात वरच्यानं करायची.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘मोठ्या मनानं माफ कर’ म्हणालं, तर एक गोष्ट तपासा. हे वाक्य ज्यानं त्रास दिला त्यालाही कुणी काही सांगतंय का, की फक्त तुम्हालाच सांगितलं जातंय? फक्त तुम्हालाच सांगत असतील, तर ती माफी नाही, तो गप्प बसण्याचा आदेश आहे.

आणि तुम्हीच वरच्या जागी असाल, म्हणजे थोरला भाऊ, टीम लीडर, सीनियर, तर गुण्या तुमच्या हातात आहे. दोन वर्षांपूर्वी तुमच्या वाट्याला काय आलं होतं आणि ते किती नकोसं झालं होतं, ते आठवा. ते पुढे पाठवू नका.

आजच्यापुरतं इतकंच. तुमच्या घरात, ऑफिसात ‘सोडून दे’ हे कुणाला सांगितलं जातं, ते मला लिहा. नावं नकोत, प्रसंग पुरे. हा भाग कुणाला पाठवावासा वाटला तर जरूर पाठवा, फक्त टोमणा म्हणून पाठवू नका! भेटू पुढच्या भागात. नमस्कार.